आगगाडीतून युरोपदर्शन

प्रश्न : आमच्या तालुक्यात रेल्वे नाही, तथापि युरोपचा इतिहास आगगाडीनेच पाहण्याचा आम्हां उभयतांचा मानस आहे. आरंभ कोठून करावा?
— एक वाचक, अकोले

उत्तर : आपल्या शेजारच्या इगतपुरीचा, १८६५ साली खुला झालेला, सदतिसास एक अशा बिकट चढणीचा थळघाट ज्यांनी डोळे भरून पाहिला असेल, त्यांनी प्रथम व्हिएन्ना गाठून, तेथून कार्ल फॉन गेगा या स्थापत्यविशारदाने १८५४ मध्येच सिद्धीस नेलेल्या आणि १९९८ पासून जागतिक वारशात दाखल असलेल्या झेमरिंग घाटाने ग्रात्स नगरीस जावे. दहा राजधान्यांची धावपळ (ती हौस सहल-कंपन्यांना लखलाभ असो!) टाळावी. भारतीय रहिवाशास युरेल पास घेता येतो; मात्र फ्रान्सच्या अतिजलद गाड्यांत पास असूनही आसन आगाऊ राखून ठेवावे लागते, ऑस्ट्रियात बहुधा तशी सक्ती नसते.