घरच्या सुतारकामांतील तिसरा हात : क्लॅम्प, जिग व भोंकें पाडण्याचीं साधनें
सुतारकामाचीं हत्यारें म्हटलीं म्हणजे करवत, रंधा, पटाशी व हातोडी हीं चटकन् डोळ्यांपुढें उभीं राहतात. हीं सर्व कापणारीं, तासणारीं किंवा ठोकणारीं हत्यारें होत. लांकूड हलूं न देणें अथवा हत्याराला नेमकी वाट दाखविणें एवढेंच ज्यांचें काम, अशा साधनांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. आणि पैसे खर्चावयाची वेळ आली म्हणजे तर तीं यादीच्या अगदीं शेवटीं जाऊन बसतात. माझ्या मतें हा क्रम उलटा पाहिजे. सुटींत पुस्तकांची एखादी मांडणी किंवा आजीस बसावयास एखादें स्टूल आपल्या हातानें करावें, अशी इच्छा पुष्कळ विद्यार्थ्यांस व विद्यार्थिनींस असते, आणि पालकहि "मुलास प्रथम काय घेऊन द्यावें?" असें विचारतात. त्या प्रश्नाचें उत्तर येथें जरा विस्तारानें देण्याचा विचार आहे.

जुन्या पद्धतीचा आपल्याकडील सुतार जमिनीवर बसून काम करतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. फळी तो पायांच्या पंजांत अशी दाबून धरतो कीं, ती तसूभरहि हलत नाहीं. दोरीनें फिरवावयाचा जुना सामता वापरतांना एक जण तो उभा धरी व दुसरा दोरी ओढी. म्हणजे त्याच्याजवळ दोन हातांखेरीज दोन पाय होते, व प्रसंगीं जोडीदारहि होता. टेबलाशीं उभें राहून काम करणाऱ्या विद्यार्थ्याजवळ यांपैकीं कांहींच नसतें. त्यानें डाव्या हातानें फळी दाबून उजव्या हातानें विजेचें ड्रिल चालविलें तर काय होतें, हें नीट समजून घ्यावें. गिरमिटाचें टोंक लांकडांत शिरत असतांना धोका त्या मानानें कमी असतो; परंतु तें पलीकडच्या बाजूनें बाहेर पडूं लागलें म्हणजे उरलेल्या पातळ थरांत एकदम अडकतें. त्या क्षणीं यंत्र थांबत नाहीं. सुटी फळीच गरकन् फिरते, आणि तिच्या कडेचा फटका धरणाऱ्याच्या बोटांवर किंवा मनगटावर बसतो. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मोठ्या हौसेनें त्यास ड्रिल व चाळीस गिरमिटांची पेटी आणून दिली. क्लॅम्प मात्र एकहि आणला नाहीं. पहिल्याच संध्याकाळीं आंब्याची फळी अशी फिरली, आणि मुलाचीं दोन बोटें तीन आठवडे बांधून ठेवावीं लागलीं. त्या चाळीसांपैकीं फार तर सहा गिरमिटें त्यास कधीं लागलीं असतीं.

म्हणून खरेदीचा आरंभ क्लॅम्पपासून करावा. दुकानांत याचे प्रकार डझनावारी टांगलेले असतात. घरच्या कामास त्यांतले दोन-तीनच लागतात. इंग्रजी जी अक्षरासारखा दिसणारा जी-क्लॅम्प बळकट खरा, पण त्याचें तोंड ठराविक मापापलीकडे उघडत नाहीं, व लावतांना-काढतांना मळसूत्र फार वेळ फिरवीत बसावें लागतें. एफ-क्लॅम्पला एक सरळ पट्टी असून तिच्यावर एक जबडा पक्का व दुसरा सरकणारा असतो. तो क्षणांत बसतो व दाबहि चांगला देतो. सुमारें ३० सेंटिमीटर उघडणारे असे दोन एफ-क्लॅम्प ही पहिली खरेदी, आणि सवड होईल तसे आणखी दोन. पिस्तुलाप्रमाणें खटका दाबून आवळावयाचे क्लॅम्प हल्लीं पुष्कळ मिळतात. एका हातानें लावतां येतात ही त्यांची सोय मोठी आहे, परंतु साधारणतः त्यांचा दाब मळसूत्राच्या क्लॅम्पइतका नसतो. फळी टेबलास धरून ठेवण्यास ते उत्तम. सरसाचा सांधा आवळण्यास मळसूत्रच बरें.

हें मळसूत्र किती जोर देतें, याचें गणित वरच्या वर्गांतील मुलांनीं अवश्य करून पाहावें. समजा, दांडीचें टोंक मध्यापासून ५ सेंटिमीटर लांब आहे व दोन आट्यांमधील अंतर अडीच मिलिमीटर आहे. एका फेऱ्यांत हात ३१.४ सेंटिमीटर चालतो, आणि जबडा अवघा पाव सेंटिमीटर पुढें सरकतो. म्हणजे जोर सुमारें १२५ पट झाला. यांतील मोठा भाग घर्षणांत जातो. चौथा हिस्सा जरी शिल्लक राहिला असें धरलें, तरी हातानें लावलेल्या १० किलोच्या जोराचे ३०० किलो होतात.

आतां एवढा जोर लागतो कशास ? पांढरा सरस लावून मध्यम कठीण लांकडाच्या दोन फळ्या कडेला कड जोडावयाच्या असल्या, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें १० किलो दाब असावा असा अनुभवी लोकांचा आडाखा आहे. फळी २ सेंटिमीटर जाड व ६० सेंटिमीटर लांब असेल तर सांध्याचें क्षेत्र १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण दाब १२०० किलो. वरच्या हिशेबानें चार क्लॅम्प झाले. दुसरी गोष्ट, क्लॅम्पचा दाब जबड्यापासून लांकडांत शिरतांना दोन्ही बाजूंस सुमारें ४५ अंशांनीं पसरत जातो. फळी १० सेंटिमीटर रुंद असली तर सांध्याशीं पोहोंचेपर्यंत एका क्लॅम्पचा दाब २० सेंटिमीटर लांबीवर पसरलेला असतो. फळी ५ सेंटिमीटरच रुंद असली तर १० सेंटिमीटरवरच. अरुंद पट्ट्या जोडतांना क्लॅम्प जास्त लागतात, तें यामुळें. पण जबडा व पट्टी यांच्यामध्यें एक जाड सरळ दांडी घातली कीं तेंच काम थोड्या क्लॅम्पांत होतें, शिवाय कडेवर वळ उठत नाहींत. क्लॅम्प एक वरून व एक खालून असे आळीपाळीनें लावावे, नाहीं तर फळी धनुष्यासारखी वांकते. लोखंड व ओला सरस यांच्यामध्यें मेणकागदाचा तुकडा ठेवावा. टॅनिन ज्यांत पुष्कळ असतें अशा लांकडावर ओल्या लोखंडाचा काळा डाग पडतो, व तो सहसा निघत नाहीं.

तथापि रंधा नीट न मारलेल्या कडा क्लॅम्पच्या जोरानें ओढून एकत्र आणूं नयेत. सांधा नुसत्या हाताच्या दाबानें मिटला पाहिजे. जबरीनें मिटविलेला सांधा त्या दिवशीं सुरेख दिसतो, आणि पुढें केव्हां तरी, बहुधा आजी स्टुलावर बसली असतांना, उघडतो. सांध्याच्या रेषेवर सरसाचे बारीक मणी सारखे उमटले म्हणजे आवळणें पुरें झालें असें समजावें. तास-दीड तासानें क्लॅम्प काढतां येतो. पावसाळ्यांत याहून अधिक वेळ द्यावा, आणि त्या सांध्यावर एक दिवसपर्यंत भार घालूं नये.

मोठ्या रुंदीच्या कामास लांब पट्टीचे क्लॅम्प महाग पडतात. त्यांऐवजीं नळाचे क्लॅम्प घ्यावे : नुसते दोन जबडे विकत मिळतात, आणि ते अर्ध्या किंवा पाऊण इंची लोखंडी नळावर बसतात. नळ एका टोंकास आटे पाडून घेतला म्हणजे झालें; लांबी हवी तेवढी. तेंहि परवडत नसेल तर खर्च न करतांहि युक्ति आहे. एका जाड फळीवर दोन ठोकळे पक्के बसवून त्यांच्यामध्यें काम ठेवावें, व उरलेल्या फटींत दोन पाचरी समोरासमोरून ठोकाव्या. पाचरीचा उतार ८ स १ असा ठेवला तर ती आपण होऊन मागें सरकत नाहीं. चौकटी किंवा स्टुलाचे पाय आवळावयास दुहेरी दोरी गुंडाळून तिच्यांत काठी घालावी व पीळ द्यावा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या वांकड्यातिकड्या आकारास त्याहूनहि चांगल्या. ज्या घरांत पाचर व दोरी यांचा उपयोग कळला आहे, त्या घरांत दोन क्लॅम्प चारांचें काम करतात.

जिग म्हणजे हत्याराला वाट दाखविणारा सांचा. माप एकदांच घ्यावयाचें, आणि पुढें तें सांच्यानें लक्षांत ठेवावयाचें, असा हा प्रकार आहे. पुष्कळशीं जिगें विकत घेण्याच्या योग्यतेचीं नसतात. कारण तीं घरीं उरलेल्या तुकड्यांतून होतात. पहिलें जिग, ज्याला बेंच-हुक म्हणतात तें, प्रत्येक विद्यार्थ्यानें करावें. २५ सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद अशी फळी घेऊन तिच्या एका टोंकास वरून व दुसऱ्या टोंकास खालून एकेक आडवी पट्टी बसवावी. खालची पट्टी टेबलाच्या कडेस अडकते, वरच्या पट्टीस लांकूड टेकवून करवत चालवावी. वरची पट्टी उजवीकडे दोन सेंटिमीटर आंखूड ठेवावी, म्हणजे करवत शेवटीं फळीवर उतरते, घरच्या टेबलावर नव्हे. आईची नाराजी टळते. याच फळीवर ठराविक अंतरावर एक अडण ठोकळा लावला कीं एकाच लांबीचे बारा तुकडे न मोजतां कापतां येतात. ठोकळ्याची खालची कड किंचित् उतरती तासावी. नाहीं तर तेथें भुसा सांचतो व प्रत्येक तुकडा केसभर आंखूड होत जातो.

पुस्तकांच्या मांडणीस खुंट्यांवर ठेवलेल्या, वरखालीं करतां येणाऱ्या फळ्या हव्या असल्या तर तेथें जिगावांचून गति नाहीं. चार उभ्या ओळींतील भोंकें एका पातळींत नसलीं तर फळी डुगडुगते. एका कठीण पट्टीवर दर ३२ मिलिमीटरवर ५ मिलिमीटरचें भोंक पाडून घ्यावें. कारखान्यांतील कपाटांसहि हींच मापें असतात, त्यामुळें तयार खुंट्या मिळतात. पहिलें भोंक पाडलें कीं पट्टीसकट त्यांत एक खुंटी घालावी, म्हणजे पट्टी पुढें सरकत नाहीं. पट्टीवर "वर" व "पुढची बाजू" असें ठळक लिहून ठेवावें. पट्टी उलटी धरल्यामुळें जितकीं कपाटें बिघडलीं असतील, तितकीं वाईट ड्रिलमुळें खचित बिघडलीं नसतील.

विकत घेण्याच्या जिगांत दोन विशेष दिसतात. एकांत १५ अंशांच्या कोनांत तिरपें भोंक पडतें व त्यांतून स्क्रू घालून सांधा जोडतात. प्लायवुडच्या पेट्या-कपाटांस तो झटपट उपयोगी पडतो. परंतु ज्या खुर्चीवर मनुष्य डुलतो तिला मीं तो सांधा देणार नाहीं, तेथें खांच व कुसूंच पाहिजे. दुसरें खुंटीसांध्याचें जिग. खुंटीची जाडी फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असावी. १८ मिलिमीटरच्या फळीस ६ किंवा ८ मिलिमीटरची. खुंटीवर उभ्या चरी असलेल्याच घ्याव्या, नाहीं तर कोंडलेली हवा व सरस यांना वाट मिळत नाहीं व लांकूड तडकतें. दोन्ही तुकड्यांच्या दर्शनी बाजूवर खूण करून जिग नेहमीं त्याच बाजूस टेकवावें.

जिगानें हाताचें कसब मरतें, असा एक आक्षेप आहे, आणि तो अगदींच खोटा नाहीं. म्हणून नव्या विद्यार्थ्यानें पहिलीं वीस-पंचवीस भोंकें रद्दी फळीवर नुसत्या डोळ्यानें, जवळ दोन गुण्ये उभे ठेवून पाडावीं. एक समोर, एक बाजूस. गिरमिट कोणत्या बाजूस झुकतें हें त्यास लौकरच कळतें. बहुतेकांचें तें स्वतःकडे झुकतें. आतां एकसारखीं चाळीस भोंकें पाडावयाचीं असलीं तर मात्र सांचा न वापरणें हा वेळेचा अपव्यय होय.

भोंकें पाडण्याचीं साह्यसाधनें याहूनहि थोडीं पुरतात. सर्वत्र दिसणाऱ्या पीळदार गिरमिटाचें पेटंट अमेरिकेंतील स्टीफन मोर्स यांनीं १८६३ सालीं घेतलें. तें विशेषतः धातूच्या कामास सोयीचें, त्यामुळें लांकडावर त्याचें बोथट टोंक रेषा सोडून भटकतें. लांकडासाठीं मध्यें बारीक अणी व कडेस दोन दांत असलेलें गिरमिट घ्यावें, आणि तत्पूर्वीं आरीनें खूण टोंचावी. स्क्रूसाठीं भोंक केवढें हवें तें पाहण्यास गिरमिट स्क्रूपुढें धरावें : मधला दांडा झांकला जावा व दोन्ही कडांस आटे दिसावे. ८ नंबरच्या स्क्रूस वरच्या फळींत साडेचार व खालच्या फळींत अडीच ते तीन मिलिमीटरचें भोंक बसतें. खोली ठरविण्यास गिरमिटावर कागदी पट्टी चिकटवितात, ती सरकते. त्यापेक्षां भोंक पाडलेला लांकडाचा तुकडाच गिरमिटावर ओंवावा. फळीखालीं एक रद्दी तुकडा घालून दोन्ही एकत्र आवळावे, म्हणजे मागची बाजू फाटत नाहीं. सरळ भोंकासाठीं स्वस्त ड्रिल-स्टँड घेण्याचा मोह होतो. त्यांतले पुष्कळ ढिले असतात. ज्याच्याकडे उभें ड्रिलयंत्र आहे अशा कारागिराकडून ४-५ सेंटिमीटर जाड शिसवी ठोकळ्यांत तीन-चार मापांचीं सरळ भोंकें पाडून आणावीं. तो ठोकळाच उत्तम वाटाड्या होतो.

खालच्या वर्गांतील मुलांस दांत्याचें हातड्रिलच द्यावें. हात थांबला कीं तें थांबतें. विजेच्या ड्रिलजवळ कोणीहि हातमोजे, लोंबती बाही, ओढणी, बांगड्या किंवा मोकळे केस घेऊन जाऊं नये, व डोळ्यांस चष्मा असावा.

मुंबईस नागदेवी स्ट्रीट व पुण्यास बोहरी आळी येथें हीं साधनें पारखून घेतां येतात. दुकानांत जातांना दोन सपाट लांकडी चकत्या व कागदाचा एक तुकडा खिशांत न्यावा. चकत्यांमध्यें कागद ठेवून क्लॅम्प आवळावा व कागद चारी बाजूंनीं ओढून पाहावा. एका बाजूनें तो सुटून येत असला तर जबडे समांतर नाहींत. पट्टी वांकत असली, मळसूत्र अडखळत असलें, किंवा टोंकाची फिरती वाटी फिरत नसली, तर किंमत कितीहि कमी असो, तो क्लॅम्प परत खुंटीस टांगून दुसरा मागावा.