पोटगी वेगळी, घटस्फोट वेगळा



उसाची नोंद, तोडणीचा नंबर आणि बिल यांची चर्चा आपण नेहमीच करतो. आज घरातल्या एका अवघड गोष्टीविषयी बोलू. लग्न करून दिलेली मुलगी लेकराला घेऊन माहेरी परत येते. बाप ओट्यावर बसून म्हणतो, "आते काय करानं?" वकिलाची फी, धुळ्याच्या फेऱ्या, आणि हातात पैसा नाही. मग चार माणसे बसतात, स्टँप पेपरवर फारकत लिहितात, थोडी रक्कम हातावर ठेवतात. 'पुढे काही मागणार नाही' या ओळीखाली मुलीचा अंगठा घेतला जातो. खरे नुकसान इथेच होते.

पहिला धडा : पोटगी मागण्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. पूर्वी हा हक्क १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. बायको, मुले आणि म्हातारे आईबाप, ज्यांना स्वतःचे पोट भरता येत नाही, ते पोटगी मागू शकतात. घटस्फोट झालेली स्त्रीसुद्धा, पुन्हा लग्न करीपर्यंत, मागू शकते. पूर्वी महिन्याला ५०० रुपयांची मर्यादा होती. ती २००१ साली उठली. हे कलम सर्व जातीधर्मांना लागू आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागू होत नाही, म्हणून आपल्या पावरा-भिल्ल भगिनींना कोर्टच नाही असे काही जण समजतात. ते बरोबर नाही.

दुसरा धडा : नवरा परगावचा असला तरी तिकडे जावे लागत नाही. मुलगी जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज चालतो. माहेर शिरपूर तालुक्यात असेल तर शिरपूरच्या कोर्टात. अर्जासोबतच अंतरिम पोटगी मागावी. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निकाल द्यावा असे कायदा सांगतो.

तिसरा धडा : फारकतीचा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. १९५५ च्या कायद्याने रूढीने होणारा काडीमोड राखला आहे, पण ती रूढी जुनी व चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते. नाही झाली तर दुसरे लग्नही अडचणीत येते. दोघांची संमती असेल तर १९७६ साली आलेल्या कलम १३-ब प्रमाणे एक वर्ष वेगळे राहिल्यावर एकत्र अर्ज करता येतो. त्यानंतरचे सहा महिने थांबणे योग्य प्रकरणी कोर्ट माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. मात्र आपसांत ठरवून वेगळे राहतो असे लिहून दिले तर पोटगीच्या अर्जात तेच आडवे येऊ शकते. म्हणून सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

वकील परवडत नाही? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. पोटगी व घटस्फोटाच्या कामी महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे.

आता उत्पन्नाचा पुरावा. "मी शेतकरी, मला पगार कुठे?" हे नवऱ्याचे नेहमीचे उत्तर. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात २०१३ साली मागितलेल्या अंतरिम पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयात ४ नोव्हेंबर २०२० रोजी संपला. सात वर्षे! त्या निकालाने ठरवले की दोघांनीही मिळकत व देणी यांचे शपथपत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. शेतीवाल्यांसाठी शपथपत्राचा नमुना वेगळा आहे. जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, पिके कोणती, गुरे किती, हे त्यात लिहावे लागते. तेव्हा सातबारा, आठ-अ, ऊस ज्या कारखान्याला गेला तिथले बिल, सोसायटीच्या कर्जाचा उतारा, हे कागद गोळा करा.

हिशेब असा मांडावा. समजा ८० टन ऊस, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,५०० रुपये हाती. झाले २ लाख. मशागत, खत, पाणी यांचे ८० हजार वजा करा. उरले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार. बिल हप्त्याने येते, पण चूल रोज पेटते. म्हणून वर्षाचे उत्पन्न महिन्यावर आणून दाखवावे.

हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. उशीर केला तर ते वॉरंट मिळत नाही. जप्ती होऊ शकते, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैदही.

आमच्या तरुण सभासदांनाही सांगणे आहे. तुमचे कर्ज, आईबापांचा भार, पडलेले पीक, हे सारे कोर्ट पाहते. ते खरेपणाने मांडा. जमीन भावाच्या नावे करून "माझे काही नाही" म्हणू नका. खोट्या शपथपत्राला शिक्षा आहे.

उसाची पावती आपण जपून ठेवतो. तशीच मुलीच्या लग्नाची पत्रिका, फोटो, लेकरांचे जन्मदाखले जपा. आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर तिचा अंगठा उठू देऊ नका.