दर्वीकर, मंडली, राजिमान : सर्पवैविध्य आणि ‘सर्वांत विषारी कोण?’ हा प्रश्न

बी. ए. एम. एस.च्या अगदतंत्राच्या तोंडी परीक्षेत मला विचारण्यात आले होते, “सर्वांत विषारी सर्प कोणता?” मी क्षणाचाही विचार न करता “नागराज” असे उत्तर दिले. परीक्षकांनी पुढचा प्रश्न केला, “त्याच्या दंशाचे किती रुग्ण तुमच्या तालुक्यात येतात?” मी गप्प झालो. पुढे ग्रामीण भागात व्यवसाय सुरू केल्यावर त्या दुसऱ्या प्रश्नाचे मोल कळले. पावसाळा सुरू झाला की सर्पदंशाचा रुग्ण वैद्याच्या दारात केव्हाही येऊन उभा राहतो. त्या वेळी उपयोगी पडेल असे सर्पज्ञान आपल्यापाशी किती असते, याचा विचार व्हावा म्हणून प्रस्तुत लेख लिहीत आहे.

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात सर्पांची संख्या ऐंशी सांगितली आहे. दर्वीकर सव्वीस, मंडली बावीस, राजिमान दहा, निर्विष बारा, वैकरंज तीन आणि वैकरंजांपासून उत्पन्न झालेले सात, असा तो हिशेब आहे. आज भारतात सर्पांच्या तीनशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. वैकरंज म्हणजे भिन्न गटांच्या संकरातून झालेले सर्प ही कल्पना आधुनिक प्राणिशास्त्रास मान्य होण्यासारखी नाही. नाग आणि घोणस यांचा संकर होत नाही. परंतु संख्येवर वा संकरावर अडून बसण्याचे कारण नाही. या वर्गीकरणाचे खरे सामर्थ्य त्याच्या निकषांत आहे. फणा असलेला व शीघ्रगती तो दर्वीकर, अंगावर मंडले असलेला, स्थूल व मंदगती तो मंडली, स्निग्ध अंगाचा व रेषांनी चितारल्यासारखा तो राजिमान. त्यांची विषे अनुक्रमे वात, पित्त आणि कफ यांचा प्रकोप करणारी. ज्या काळी विषाचे पृथक्करण करण्याचे कोणतेच साधन नव्हते, त्या काळी रूप, गती, संचाराची वेळ आणि दंशोत्तर लक्षणे यांची एकत्र सांगड घालणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता आपल्या परिसरातील सर्पांकडे वळू. महाराष्ट्रात गंभीर दंश घडवणारे मुख्य सर्प चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांखेरीज सह्याद्रीच्या झाडीत चापड्याच्या जाती आहेत, विदर्भाच्या पूर्व भागात पट्टेरी मण्यार आढळतो, कोकणच्या समुद्रात समुद्रसर्प जाळ्यात येतात, पोवळा क्वचित दिसतो आणि गोव्याच्या बाजूच्या जंगलात नागराज आहे. उरलेला मोठा समुदाय निर्विष किंवा मनुष्यास निरुपद्रवी सर्पांचा : धामण, दिवड, नानेटी, गवत्या, तस्कर, कवड्या, अजगर, मांडूळ, डुरक्या घोणस, खापरखवल्या, गांडुळासारखा दिसणारा वाळा. हरणटोळ आणि मांजऱ्या हे निमविषारी. त्यांचे विषदंत जबड्याच्या मागील बाजूस असतात. धामण गाईच्या नाकपुडीत शेपूट घालते या समजुतीपायी कितीतरी धामणी मारल्या जातात. वास्तविक शेतातील उंदरांवर तिच्याइतका वचक दुसऱ्या कोणाचा नसतो.

ओळखण्यात घोटाळा होतो तो मुख्यतः दोन जोड्यांत. पहिली जोडी मण्यार आणि कवड्या यांची. मण्यारीच्या चकचकीत काळ्या अंगावर पांढरे पातळ पट्टे असतात; ते मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात व शेपटीकडे अधिक स्पष्ट होतात. पाठीच्या मध्यावरील खवले इतरांहून मोठे व षट्कोनी असतात. कवड्याचे पट्टे मानेपाशीच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. शिवाय तो भिंतीवर सहज चढतो. दुसरी जोडी घोणस आणि डुरक्या घोणस यांची. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, डोके त्रिकोणी असते आणि ती कुकरच्या शिटीसारखा दीर्घ फुत्कार टाकते. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे असतात व शेपूट आखूड असते. फुरसे मात्र एकदा पाहिले की चुकत नाही. वीतभर ते हातभर लांबी, डोक्यावर बाणासारखी खूण, आणि डिवचले असता अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून होणारा करकर आवाज.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. सर्प ओळखता यावा म्हणून त्याला मारून आणण्यास नातेवाइकांना सांगू नये. त्यात दुसरा दंश होण्याची भीती असते, वेळ जातो, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये तो गुन्हाही आहे. सुरक्षित अंतरावरून भ्रमणध्वनीवर छायाचित्र मिळाले तर उत्तम. न मिळाले तरी लक्षणे पुरेशी बोलतात.

‘सर्वांत विषारी’ या शब्दांत तीन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत. विष थेंबाला थेंब किती जहाल, एका दंशात किती विष शरीरात जाते, आणि त्या सर्पाची व मनुष्याची गाठ किती वेळा पडते? पहिल्याच निकषावर पाहिले तर जगात पहिला मान ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील तायपानाचा. उंदरांवरील प्रयोगांत शरीरभाराच्या दर किलोग्रॅममागे ०.०२५ मिलिग्रॅम एवढे त्याचे विष निम्मे प्राणी मारण्यास पुरते. परंतु तो राहतो ओसाड, निर्जन प्रदेशात. त्याचा दंश ही अत्यंत विरळ घटना आहे. नागराजाचे विष तोलास तोल पाहता नागाच्या विषापेक्षा सौम्य आहे, मात्र त्याचे प्रमाण मोठे असते. फुरशाचे शरीर लहान, विष थोडे, जहालपणाच्या यादीत त्याचे स्थान फार वरचे नाही. तथापि आफ्रिकेपासून भारतापर्यंत त्याच्या कुळाने घेतलेल्या बळींची संख्या प्रचंड आहे, कारण ते शेताच्या बांधावर, दगडाखाली, अनवाणी पायाच्या वाटेवरच असते. आपल्या चौघांत विषाची जहालता मण्यारीची अधिक. दंशातील विषाचे प्रमाण व ऊतींचा नाश यांत घोणस पुढे.

ही गाठ पडण्याची किंमत किती आहे ते पाहावे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

आता संहितोक्त लक्षणे रुग्णाशी ताडून पाहू. मंडली विषात सुश्रुतांनी दाह, तृष्णा, ज्वर, ऊर्ध्व व अधोमार्गाने रक्तप्रवृत्ती, शोथ, मांसाचे गळणे आणि दंशस्थानाचा कोथ सांगितला आहे. घोणस व फुरसे यांच्या दंशाचे याहून नेमके वर्णन करणे कठीण. मंडली सर्पांच्या यादीत ‘गोनस’ हे नाव आहे आणि मराठी ‘घोणस’ शब्दाचे त्याच्याशी असलेले नाते उघड आहे. दर्वीकर विषातील ग्रीवादौर्बल्य, स्वरावसाद, लालास्राव, जडता आणि श्वासाची घरघर ही नागदंशातील स्नायूंच्या पक्षाघाताची लक्षणे होत. राजिमानाचे ऐक्य बहुधा मण्यारीशी मानले जाते. गात्रस्तब्धता, उच्छ्वासनिरोध, तमःप्रवेश ही लक्षणे तिला चपखल लागू पडतात. राजिमान रात्रीच्या अखेरच्या प्रहरात हिंडतो हा उल्लेखही जुळतो. मात्र राजिमानाच्या दंशस्थानी जो शोथ सांगितला आहे, तो मण्यारीच्या दंशात दिसत नाही. हा विरोध आपण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. कारण ‘सूज नाही म्हणजे विष नाही’ हा निष्कर्षच मण्यारीच्या बाबतीत प्राणघातक ठरतो. त्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

२०१२ च्या जुलै महिन्यात पहाटे साडेपाचला एकोणीस वर्षांच्या एका शेतमजूर मुलाला त्याच्या आईने आणले. पोटात तीव्र वेदना, दोन वेळा उलटी. आदल्या दिवशी गावात लग्नाचे जेवण झाले होते. अंगावर कोठेही खूण नाही, सूज नाही. मी अजीर्ण समजून शंखवटी दिली आणि त्याला बाकावर पडून राहण्यास सांगितले. अर्ध्या तासाने आई म्हणाली, “डाक्टर, रातभर पोट दुखून त्याचा डोळा न्हाई लागला, आता झोप येतीया.” मी पाहिले तो मुलगा झोपलेला नव्हता, त्याला पापण्या उचलता येत नव्हत्या. पाणी दिले तर ते ओठांच्या कडेने ओघळले. “रात्री कोठे निजला होता?” हा प्रश्न मी तेव्हा विचारला. उत्तर मिळाले, “भुईवरच की.” तेथून जीपने ग्रामीण रुग्णालय, तेथे प्रतिविष सुरू करून पुढे जिल्ह्याचे ठिकाण. पाच दिवस तो कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर होता आणि वाचला. ती तीस मिनिटे माझ्या खाती आहेत. तेव्हापासून पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी प्रथम निजण्याची जागा विचारतो, पापण्या वर उचलून पाहण्यास सांगतो आणि मगच जिभेकडे वळतो. मण्यारीचे दात अतिसूक्ष्म. झोपेतील माणसाला दंश कळतही नाही.

चिकित्सेविषयी माझे मत काही वाचकांना रुचणार नाही. संहितांत दंशस्थानाच्या वर चार अंगुळांवर अरिष्टाबंधन सांगितले आहे. चरकाचार्यांनी विषाचे चोवीस उपक्रम दिले आहेत. प्रतिविष उपलब्ध नसलेल्या काळातील ते सर्वोत्तम उपाय होते. आज मात्र दोरी आवळून बांधल्याने घोणस व फुरसे यांच्या दंशात अवयवाचा नाश वाढतो आणि बंध एकदम सोडल्यास विष वेगाने पसरण्याची भीती असते. चिरा देणे, चोखणे हेही वर्ज्य, विशेषतः ज्याचे रक्त गोठत नाही अशा रुग्णात. ग्रंथप्रामाण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की मंडली दंशावर दाहकर्म करू नये, पित्तबाहुल्यामुळे विष अधिक पसरते, असा निषेध सुश्रुतांनीच केला आहे. एकच उपाय सर्व सर्पांना लावू नये हा विचार संहितेचाच आहे. पक्षाघाताची लक्षणे असलेल्यास काढा, तूप वा काहीही तोंडाने पाजणे तर सर्वथा टाळावे. गिळता न आल्याने द्रव श्वासमार्गात उतरतो.

आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांवर घोड्यांच्या रक्तरसापासून तयार होते. त्याचा एक मिलिलिटर नाग व घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. दहा मिलिलिटरच्या एका कुपीने बहुधा भागत नाही. आरंभीची मात्रा सामान्यतः आठ ते दहा कुप्यांची असते, आणि बालकासही तेवढीच, कारण सर्प लहान मुलाला कमी विष टोचत नाही. तीव्र प्रतिक्रियेसाठी ॲड्रेनालिन हाताशी असावे लागते. म्हणून हे काम रुग्णालयाचेच. नागाच्या विषात ॲट्रोपिनसह निओस्टिग्मिनचा उपयोग होतो. मण्यारीच्या विषात तंत्रिकांची टोकेच बाधित होत असल्याने तो फारसा होत नाही व श्वास सांभाळणे हेच मुख्य कर्म उरते. नागराज, चापडे आणि समुद्रसर्प यांची विषे या प्रतिविषाच्या निर्मितीत वापरली जात नाहीत. पश्चिम घाटातील नाकाचे टोक वर वळलेला हिप्नाले हा छोटा चापडा रक्त गोठण्यात बिघाड व वृक्कविकार घडवू शकतो, आणि त्यावर हे प्रतिविष निरुपयोगी आहे.

मग वैद्याने करावे काय? रुग्णास धीर द्यावा, अंगठी, जोडवी, कडे काढून ठेवावे, दंश झालेला अवयव फळीस सैल बांधून स्थिर करावा, चालू देऊ नये आणि तत्काळ पाठवावे. सोबत दंशाची वेळ, लक्षणांची वेळ व केलेले उपचार कागदावर लिहून द्यावेत. वाहन येईपर्यंत अवधी असेल तर कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या परीक्षानळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवावी व मग तिरपी करून पाहावी. रक्त न गोठता वाहिले तर मंडली विषाचा निर्णय झाला. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी चालत नाही. या चाचणीसाठी वाहन मात्र थांबवू नये.

दंश होऊनही विष न टोचले जाणे ही नित्याची गोष्ट आहे. सुश्रुतांनी सर्पित, रदित व निर्विष असे दंशाचे भेद केले आहेत. केवळ सर्पाच्या स्पर्शाने भ्यालेल्या माणसाचा वात कुपित होऊन सूज येते, त्यासही ‘सर्पांगाभिहत’ असे वेगळे नाव दिले आहे. मंत्राने वा मुळीने ‘उतरलेली’ बहुतेक विषे या दोन प्रकारांतील असतात. त्या यशावर विसंबून पुढचा खरा सविष रुग्ण मांत्रिकाच्या ओट्यावर तीन तास बसवला जातो.

रुग्णालयातून परतलेल्या रुग्णाकडे मात्र आपण अधिक लक्ष दिले पाहिजे. घोणसदंशानंतरचा दुष्टव्रण आपल्याकडे येतो, त्याची चिकित्सा आपण उत्तम करू शकतो. पण कधी कधी चार-सहा महिन्यांनी तोच रुग्ण दौर्बल्य, थंडी सहन न होणे, अरुची, मैथुनेच्छा नष्ट होणे, स्त्री असल्यास आर्तव बंद होणे अशा तक्रारी घेऊन येतो. आपण रसायन, बल्य योजण्याच्या विचारात असतो. घोणशीच्या विषाने पोषग्रंथी निकामी होऊन हे घडू शकते, याची नोंद म्यानमार व दक्षिण भारतात झालेली आहे. अशा रुग्णास पूर्वी सर्पदंश झाला होता का, हे तो आपणहून सांगत नाही. विचारावे लागते, आणि उत्तर होकारार्थी आल्यास कोणतेही औषध देण्यापूर्वी अंतःस्रावांची रक्ततपासणी करून घ्यावी.