संकेतस्थळांच्या खुणा : साधन कसे निवडावे?

खंडाळ्यातील शिक्षक असोत वा मावळातील ग्रामपंचायत सदस्य, शासन निर्णय, सातबारा वा बालभारतीची पुस्तके यांसाठी संकेतस्थळांकडे वळणे आता नित्याचे झाले आहे. उपयुक्त पानांचे दुवे जपणारी अनेक ऑनलाइन साधने आहेत. तथापि निवड करताना सोयींबरोबर त्यांच्या टिकाऊपणाचाही विचार व्हावा. २००३ मध्ये सुरू झालेले ‘डिलिशस’ २०१७ मध्ये नव्या नोंदींना बंद झाले. ‘गूगल बुकमार्क्स’ २०२१ मध्ये, तर ‘पॉकेट’ ८ जुलै २०२५ रोजी बंद झाले.

यास्तव तीन कसोट्या लावाव्यात. सर्व दुवे एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात काय? विषयवार वर्गीकरण व शोध मराठीतून होतो काय? संगणक व भ्रमणध्वनी या दोहोंवर ते चालते काय? अशी फाइल दर तिमाहीस काढून ठेवावी.

दुवा हा केवळ पत्ता होय. पान हलले की तो निरुपयोगी ठरतो. म्हणून शासन निर्णयाच्या दुव्याशेजारी त्याचा दिनांक व संकेतांक नोंदवावा आणि प्रतही जतन करावी. कार्यालयाचा संग्रह एका कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यावर नसावा. त्याची बदली झाली तरी संग्रह कार्यालयातच राहिला पाहिजे.