कागदाचा ओंडका

मार्गशीर्ष सरता सरता देवळ्याच्या शिवारात गारठा उतरू लागतो. पौषातील पहाटे अंगणात शेकोटी पेटते आणि परसात न्हाणीपाशी पाण्याचा बंब धुमसू लागतो. स्वयंपाकघरात गॅस आला असला, तरी या दोन ठिकाणी हाती लागेल ते जळण चालते : काटक्या, गोवऱ्या, दाणे काढलेली मक्याची कणसे आणि घरची रद्दी.

रद्दीचा अनुभव मात्र सर्वांचा एकच. वर्तमानपत्राचे पान विस्तवावर टाकावे, भडका उडावा आणि पाहता पाहता काळी राख वाऱ्यावर भिरभिरू लागावी. हात शेकण्याइतकीही उसंत मिळत नाही. वास्तविक कागद हा बहुधा लाकडाच्याच तंतूंचा बनलेला असतो. वजनास वजन पाहिले, तर वाळलेल्या कागदातील उष्णता वाळलेल्या लाकडाहून फारशी कमी नसते. मग ओंडका रात्र काढतो आणि कागद क्षणात संपतो, हे कसे?

ज्वलनास प्राणवायू लागतो. सुटे पान दोन्ही अंगांनी हवेला उघडे असते, म्हणून ते एकदम पेटते. ओंडक्याला हवा केवळ पृष्ठभागी भेटते. वरचा थर जळाल्यावाचून आतल्या थराची पाळी येत नाही. तेव्हा कागदाचे सुटे तंतू पुन्हा घट्ट दाबून बसविले, की त्याचाही ओंडका होतो.

त्याची कृती साधी आहे. रद्दीचे तुकडे करून ते तीन-चार दिवस पाण्यात भिजत ठेवावेत व घुसळून त्यांचा लगदा करावा. लाकडाचा भुसा मिळाल्यास थोडा मिसळावा. बुडाशी व बाजूंना भोके पाडलेल्या डब्यात हा लगदा भरून वर फळी व जड दगड ठेवावा. पाणी निथळले, की लादी अलगद काढून उन्हात टाकावी. येथेच पुष्कळांचा धीर सुटतो. वरून कोरडी दिसणारी लादी आतून ओली असते, आणि उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. ओली लादी त्यामुळे ऊब न देता नुसता धूर देते. तिला दोन-तीन आठवडे उन्हे दाखवावी लागतात. गुळगुळीत रंगीत कागद, तसेच द्राक्षांच्या घडांना गुंडाळलेला, फवारणीचे औषध बसलेला कागद यासाठी घेऊ नये. जो कागद कारखान्यात जाऊन पुन्हा कागद होऊ शकतो, तो जाळणे हाही तोट्याचाच व्यवहार. शिवाय कागदात खडू व माती मिसळलेली असल्याने राख फार पडते.

दाबून, वाळवून जाळण्याची ही युक्ती नवी नाही. शेणात भुसा कालवून गोवऱ्या थापणाऱ्या बायकांना ती केव्हाच साधली होती.

कागदाहून मोठा प्रश्न पाचटाचा. गिरणेच्या काठी लोहोणेर-विठेवाडीकडे ऊस होतो. तोडणीनंतर उरणारी वाळलेली पाने म्हणजे पाचट. ते सुटे, हलके, गुरांना नकोसे. काडी लावली, की शेतातच जळून जाते. पुण्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. पाचट बंद पिंपांत भरावयाचे आणि ती पिंपे भट्टीत ठेवून बाहेरून तापवावयाची. आत हवा नसल्याने पाचट जळत नाही, त्याचा कोळसा होतो. त्यातून सुटणारे वायू भट्टीतच जळून तिची उष्णता वाढवितात. कोळशाची भुकटी खळीत मळून, यंत्रातून दाबून तिच्या कांड्या पाडतात. हाच कांडी कोळसा. या कामास २००२ साली इंग्लंडमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

धूर देणारे वायू भट्टीतच निघून गेलेले असल्याने ही कांडी जवळजवळ धुरावाचून जळते. चुलीपाशी डोळे चोळीत बसणाऱ्या बाईला याचे मोल सांगावे लागत नाही. परंतु धूर नाही म्हणून धोका नाही, असे मात्र नव्हे. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. दारे लावून शेगडीशेजारी निजलेल्या माणसाला तो जागे होण्याचीही संधी देत नाही. थंडी कितीही असो, शेकोटी अंगणातच हवी आणि झोपण्यापूर्वी ती विझवावयास हवी.