गाठ उघडताना छातीवर कॅमेरा : शूटिंग कॉम्प्युटरमध्ये कसे उतरवावे?

कापडाच्या धंद्यात माल उतरला की पहिला वाद मोजणीचा होतो. पाठवणारा म्हणतो गाठीत पंचवीस तागे भरले होते, घेणारा म्हणतो बावीसच निघाले. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतील, पण नुकसान कोणी सोसायचे हा प्रश्न उरतोच. पूर्वी हमालांची साक्ष आणि बिल्टीवरचा शेरा एवढाच आधार होता. आता आमच्यासारखे काही व्यापारी गाठ उघडताना अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने शूटिंग करून ठेवतात. परंतु शूटिंग करणे हे अर्धेच काम आहे. ते कॉम्प्युटरमध्ये नीट उतरवले नाही तर सारी मेहनत वाया जाते. आमचे नुकसान झाले म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

अ‍ॅक्शन कॅमेरा म्हणजे मुठीत मावणारा, पट्ट्याने छातीवर किंवा डोक्यावर बांधता येणारा कॅमेरा. या प्रकारात प्रसिद्ध झालेली गोप्रो ही कंपनी निक वुडमन यांनी २००२ साली कॅलिफोर्नियात सुरू केली. त्यांना समुद्राच्या लाटांवर फळीने खेळण्याचा शौक होता आणि खेळताना हात मोकळे ठेवून फोटो काढायचे होते. २००४ साली आलेला त्यांचा पहिला कॅमेरा रोलचा होता. आम्हाला लाटांशी काही देणेघेणे नाही, पण हात मोकळे राहणे हा गुण गोदामातही तितकाच उपयोगाचा आहे. दोरी कापणारा, तागा उचलणारा आणि मोजणारा माणूस स्वतःच शूटिंग करू शकतो.

आता आमची चूक सांगतो. एकदा आठ गाठी आल्या. पुतण्याने छातीवर कॅमेरा बांधून सर्व गाठी उघडल्या, चाळीस मिनिटे लागली. सहाव्या गाठीत तीन तागे कमी निघाले. आम्ही पाठवणाऱ्या पेढीला लगेच फोन केला. ते म्हणाले, "शूटिंग पाठवा, भरपाई देतो." पुतण्याने फाइल उघडली तर शूटिंग नऊ मिनिटांतच संपलेले. दुसरी गाठ पुरती उघडलीही नव्हती. "चाचा, मी फाइल घेतली होती, मग कार्ड साफ केले," तो म्हणाला. त्याच कार्डावर आणखी दोन दिवसांचे शूटिंगही झाले होते. तीन ताग्यांचे पैसे तर गेलेच, शिवाय समोरच्या पेढीच्या मनात आमच्याविषयी जो संशय आला, तो दूर व्हायला वर्ष लागले.

हे घडले कसे? असे अनेक कॅमेरे लांब शूटिंग एका फाइलमध्ये ठेवत नाहीत. फाइल सुमारे ४ जीबीची झाली की ती बंद करून दुसरी सुरू करतात. गोप्रोच्या फाइलचे नाव 'जीएक्स०१०१२३' अशा प्रकारचे असते. अक्षरांनंतरचे पहिले दोन आकडे तुकड्याचा क्रमांक आणि शेवटचे चार आकडे शूटिंगचा क्रमांक. म्हणजे याच शूटिंगचा दुसरा तुकडा 'जीएक्स०२०१२३' या नावाने असतो. नावाप्रमाणे यादी लावली की सर्व शूटिंगांचे पहिले तुकडे आधी दिसतात आणि दुसरे तुकडे दूर खाली जातात. आमच्या शूटिंगचे पाच तुकडे होते. पुतण्याने पहिला घेतला आणि बाकीचे दुसऱ्या कामाचे समजून सोडून दिले. म्हणून यादी नेहमी तारीख-वेळेप्रमाणे लावावी आणि शेवटचे चार आकडे जुळणाऱ्या सर्व फाइली एकत्र घ्याव्यात.

आता थोडा हिशेब. फोर-के शूटिंग ६० मेगाबिट वेगाने होत असेल तर आठाने भागून सेकंदाला साडेसात एमबी होतात. म्हणजे मिनिटाला ४५० एमबी आणि तासाला २७ जीबी. ६४ जीबीचे कार्ड सुमारे सव्वादोन तासांत भरते. तागे मोजण्यासाठी एवढ्या बारकाईची गरज नाही. १०८०-पी वर ३० मेगाबिटने शूटिंग केले तर तासाला साडेतेरा जीबीत भागते आणि जुन्या कॉम्प्युटरवरही ते अडखळत नाही. कार्ड घेताना त्यावर 'व्ही३०' ची खूण पाहावी. सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची ती हमी असते.

शूटिंगपूर्वी कॅमेऱ्यातील तारीख व घड्याळ तपासावे. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली तर वेळ चुकण्याचा संभव असतो, आणि चुकीच्या तारखेचे शूटिंग वादात उलट आपल्यावरच येते. काचेवर बसलेला कापसाचा तूस पुसून घ्यावा. बिल्टी आणि गाठीवरचा नंबर कॅमेऱ्याला अगदी चिकटवून दाखवू नये. बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो, फार जवळची अक्षरे पुसट येतात. हातभर अंतरावर दोन-तीन सेकंद स्थिर धरावे.

उतरवण्याची रीत अशी. कॅमेऱ्याची वायर लावण्यापेक्षा कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालणे आम्हाला सोयीचे वाटते, कारण उतरवताना कॅमेऱ्याची बॅटरी संपण्याची भीती राहत नाही. कार्डावर 'डीसीआयएम' नावाचे फोल्डर दिसते, त्याच्या आत फाइली असतात. कॉम्प्युटरवर तारीख, पार्टी व बिल्टी नंबर लिहून नवे फोल्डर करावे. फाइली 'कॉपी' कराव्यात, 'कट' कधीही करू नये. कॉपी करताना वीज गेली तरी कार्डावरचा मूळ माल शाबूत राहतो. सेकंदाला ३० एमबी वेग मिळाला तर २७ जीबीला पंधरा मिनिटे लागतात. तेवढा वेळ धीर धरावा.

त्यानंतर तपासणी. कार्डावरील फाइलींची संख्या व आकार कॉम्प्युटरवरील फाइलींशी जुळवावा, जसे आपण चलानाशी माल जुळवतो. मग प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून पाहावी. फाइल उघडत नसेल तर ती बिघडली असे लगेच समजू नये. नवे कॅमेरे 'एचईव्हीसी' पद्धतीने शूटिंग करतात आणि काही कॉम्प्युटरांवर ते चालत नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर ते चालवतो.

मग दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क घरी ठेवावी. दोन प्रती तपासून झाल्यावरच कार्ड फॉरमॅट करावे, तेही कॅमेऱ्यामध्येच. चुकून आधीच फॉरमॅट झाले तर त्या कार्डावर पुन्हा काहीही शूट करू नये. ते तसेच बाजूला काढून जाणकाराकडे न्यावे, जुन्या फाइली परत मिळण्याची आशा असते. त्यावर नवे शूटिंग झाले की ती आशा संपत जाते.

प्रकरण कोर्टापर्यंत जाण्याचा संभव असेल तर मूळ फाइलला हात लावू नये. काटछाट करायची ती प्रतीवर करावी आणि कार्डही फॉरमॅट न करता सांभाळून ठेवावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हा फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. फाइलमध्ये एक कण बदलला तरी ठसा बदलतो. याबाबत आपल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

आमचे शालेय शिक्षण उर्दूतून झाले आणि कॉम्प्युटरवरील सूचना इंग्रजीत असतात. म्हणून आम्ही सर्व पायऱ्या उर्दूत एका कागदावर लिहून गोदामात टेबलावर चिकटवल्या आहेत. प्रत्येक पायरी झाली की पुतण्या त्यापुढे सही करतो. कार्ड साफ करण्याची सही मात्र आम्ही स्वतः करतो. वाचक व्यापारी बंधूंनी आपल्या सोयीच्या भाषेत असा कागद करावा आणि वादाची वेळ येण्याआधी एकदोन गाठींवर सराव करून पाहावा.