उन्हापासून वाचवणारे मलम

उन्हाळ्यात भर दुपारी खळ्यावर राबावे लागते. मान भाजते. नाकाची साल निघते. अंगावर कोड असले, तर तिथली कातडी लवकरच पोळते. असे का बरे होते?

उन्हात उजेड असतो, ऊब असते. शिवाय जंबुपार किरणही असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. रिटर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८०१ साली शोधले. यांतले काही किरण कातडी वरवर जाळतात. काही खोल शिरून सुरकुत्या पाडतात. वर्षानुवर्षे असे चालले, तर कातडीचा कर्करोगही होऊ शकतो.

दुकानात उन्हासाठी मलम मिळते. त्याला सनस्क्रीन म्हणतात. त्यात असते तरी काय?

जस्तापासून केलेली पांढरी भुकटी असते. तिचे नाव झिंक ऑक्साइड. खाजेवर लावायचे गुलाबी कॅलामाइन तुम्ही पाहिले असेल. त्यातही हीच भुकटी असते.

दुसरी भुकटी टायटॅनियमची. हा धातू रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत असतो. वाळू काळी, पण तसल्या वाळूपासून होणारी भुकटी पांढरीशुभ्र! भिंतीच्या पांढऱ्या रंगातही ती घालतात. या दोन्ही भुकट्या थोडे किरण परतवतात आणि पुष्कळसे स्वतः शोषून घेतात.

काही मलमांत ॲव्होबेन्झोनसारखी रसायने असतात. माती पाणी पिते, तशी ती किरण पितात. त्या किरणांची थोडीशी ऊब होते आणि निघून जाते. पण ॲव्होबेन्झोन उन्हात हळूहळू मोडते. घामानेही मलम पुसले जाते. म्हणून दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे.

डबीवर ‘एस. पी. एफ. ३०’ असे लिहिलेले असते. मलम भरपूर लावले, तर पोळणाऱ्या किरणांच्या ३० भागांतला १ भागच कातडीत शिरतो. पातळ लावले, तर गुण कमी.

मलम लावून ऊन लागायचे टळत नाही, बरे का! त्याला पाणी आणि सावलीच हवी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम लावू नका. त्याला सावलीत ठेवा.

मलम परवडत नाही? मग पटका बांधा, पदर घ्या, लांब बाह्यांचा सदरा घाला. घट्ट विणीचे कापडही किरण अडवते. कोड असलेल्यांनी अंग झाकावे आणि उघड्या भागाला मलम लावावे. कोड शिवल्याने पसरत नाही. त्यांना सावलीत आपल्या शेजारी बसवा.

सांगा पाहू :
१. मलम पुन्हा पुन्हा का लावावे?
२. मलमाने काय टळत नाही?
३. मलम नसेल तर काय कराल?